कामगारांचे चित्रपट कामगारांच्या वस्तीत: नागपुरात खेळ लावू पाहणाऱ्यांसाठी

कामगारांच्या शोषणावरचे चांगले चित्रपट आपल्याकडे कोण पाहतं? फिल्म सोसायटीचे सभासद, कॉलेजातली मुलं, चळवळीतली दहा-वीस माणसं. ज्यांच्या आयुष्यावर ते काढलेले असतात, ती माणसं त्या वेळी हिंगण्याच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला उभी असतात, नाही तर दिवसभर स्लॅब टाकून अंग टेकायला घरी गेलेली असतात. नागपूरसारख्या शहरात हे फार खटकतं. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू केली ती इथे. १९२९ साली नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आयटक या देशपातळीवरच्या कामगार संघटनेचं अधिवेशन भरलं आणि संघटना फुटली तीही इथेच. कामठीत बाबू हरदासांनी विडी कामगारांना एकत्र आणलं. कामगारांचे पुढारी ए. बी. बर्धन १९५७ साली याच शहरातून आमदार झाले. आज एम्प्रेसच्या जागेवर मॉल उभा आहे आणि त्याच्या मल्टिप्लेक्सच्या तिकिटात जुन्या गिरणी कामगाराच्या नातवाची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते.

म्हणून चित्रपट वस्तीत न्यायचा. विहारात, समाजमंदिरात, युनियनच्या खोलीत, जागा मिळेल तिथे. ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी ही सगळी पद्धत क्रमाने लिहितो आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कामगाराचे हाल किती आहेत हे त्याला पडद्यावर दाखवायची गरज नाही, ते त्याला ठाऊक आहेत. पैसा कुठे कापला जातो, हिशेब कोण लिहितो, मालक आणि आपल्यामध्ये ठेकेदार कशासाठी उभा केला जातो, ही यंत्रणा उघडी करून दाखवणारा चित्रपट हवा. नुसता रडवणारा चित्रपट पाहून माणूस घरी जातो आणि झोपतो. यंत्रणा कळली की तो दुसऱ्या दिवशी आपली पगाराची चिठ्ठी काढून पाहतो.

आधी वस्ती, मग चित्रपट

बहुतेक जण आवडता चित्रपट आधी ठरवतात आणि मग जागा शोधतात. हे उलटं करा. इसासनी, नीलडोह, डिगडोह या भागात राहणारे लोक बहुतेक हिंगण्याच्या कारखान्यांत जातात. टाकळघाटकडचे बुटीबोरीला. टिमकी, गोळीबार चौक, पाचपावलीत हातमाग गेले, पण मागावर बसलेली माणसं अजून आहेत. कामठीत विड्या वळणाऱ्या म्हाताऱ्या बाया भेटतात. खापरखेडा-कोराडीला वीज केंद्रातले कंत्राटी कामगार, उमरेड-सावनेरकडे कोळशाचे. आणि सकाळी आठला कुठल्याही ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर कामासाठी उभे राहतात त्या चौकात जा, छत्तीसगड, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेले मिस्त्री आणि बेलदार उभे दिसतील. या सगळ्यांचं शोषण एका पद्धतीने होत नाही, त्यामुळे सगळ्यांना एकच चित्रपट लावून भागत नाही.

खेळाच्या आधी वस्तीतल्या चार-पाच जणांशी निवांत बसून बोला. त्यात निदान दोन बाया असू द्या. तीन गोष्टी विचारून घ्या. पैसे हातात कोण देतं? कापतं कोण, आणि काय सांगून कापतं? उद्यापासून येऊ नको हे कोणाच्या तोंडून कळतं? या तीन उत्तरांत चित्रपट कोणता लावायचा ते जवळजवळ ठरून जातं. याच बैठकीत पाळ्यांच्या वेळा, आठवड्याची सुटी, पगाराची तारीख आणि बाजाराचा दिवस विचारून वहीत लिहा. पगाराच्या आणि बाजाराच्या दिवशी खेळ ठेवू नका.

चित्रपट निवडताना

पहिला खेळ कुठलाही असो, जमल्यास बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ने (१९५३) सुरुवात करा. लोकांना बलराज साहनींची रिक्षाची शर्यत आठवते आणि पाहणारे हळहळतात. पण आपल्या कामाचं दृश्य त्याच्या खूप आधी येतं. साहनींनी केलेला शेतकरी शंभू, त्याच्या हिशेबाने जमीनदाराचं देणं ६५ रुपये असतं. घरातलं किडूकमिडूक विकून तो पैसे घेऊन जातो, तर कागदावर २३५ निघतात. फेडल्याची पावती त्याच्याकडे नाही, अंगठा मात्र त्याचाच. त्यानंतर कलकत्ता, रिक्षा, आजारपण, जे काही घडतं ते सगळं या एका कागदातून निघतं. एका वस्तीत हा चित्रपट संपल्यावर वीटभट्टीवर जाणारी एक बाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमचा हिशेब तं मुकादमाच्याच डोक्यात असते. उचल किती घेतली थे तोच सांगते, किती फिटली थेही तोच." सत्तर वर्षांपूर्वीचा बंगालातला चित्रपट आणि कन्हानकाठची वीटभट्टी यांच्यात काही अंतर उरलं नाही. उचल देऊन बांधून ठेवलेले जिथे जिथे आहेत, तिथे याला तोड नाही.

कारखान्यातल्या कामगारांसाठी चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' (१९३६). दीड तासाच्या आत संपतो आणि संवाद जवळपास नाहीतच, त्यामुळे मराठी, हिंदी, छत्तीसगढी बोलणारे एकत्र बसून पाहू शकतात. पोरंसोरं हसतात, हसू द्या. मोठ्यांचं लक्ष दोन ठिकाणी वळवायचं. मालक आपल्या खोलीत बसून कामाच्या सरकत्या पट्ट्याचा वेग वाढवायला सांगतो, आणि संडासात दोन झुरके मारायला गेलेल्या चार्लीला भिंतीवरच्या पडद्यातून हाकलतो. दुसरं, जेवायची सुटी वाचवण्यासाठी आणलेलं भरवण्याचं यंत्र. ते फसतं, पण यंत्र विकायला आलेले लोक जी तबकडी वाजवतात तिच्यावरचं म्हणणं नीट ऐकलं तर कळतं की सगळा प्रश्न कामगाराच्या जेवणाच्या मिनिटांचा आहे. त्या मिनिटांचं मोल मालकाला अचूक माहीत असतं, कामगाराला नसतं. हे ज्या दिवशी वस्तीत कोणी बोलून दाखवतं, त्या दिवशी खेळाचं चीज होतं.

सफाई कामगारांच्या वस्तीत चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) दाखवावा, पण पूर्वतयारीशिवाय नाही. त्यातल्या लोकशाहिराचं काम करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. हा चित्रपट संथ आहे. कॅमेरा एकाच जागी बराच वेळ उभा राहतो आणि सवय नसलेला प्रेक्षक अर्ध्या तासात उठतो. म्हणून सुरुवातीलाच सांगा की मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष येणार आहे, ती चुकवू नका. ती न्यायालयात काय सांगते? नवऱ्याला सुरक्षेचं कुठलंही साहित्य दिलेलं नव्हतं. गॅसने त्याचा एक डोळा गेलेला होता. उतरण्याआधी तो आतून झुरळ बाहेर येतं का ते बघायचा. झुरळ जिवंत निघालं तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. इतका साधा जबाब, आणि अख्खा खटला मात्र शाहिराच्या गाण्याने त्याला आत्महत्येला लावलं, या आरोपावर चालतो. मरण कोणाच्या निष्काळजीपणाने आलं हे कोणी विचारत नाही. इथेच थांबून सांगता येतं की हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिलेला आहे. त्याआधी ही रक्कम १० लाख होती.

कोळशाच्या पट्ट्यात 'काला पत्थर'ची (१९७९) मागणी हमखास येते. लावायला हरकत नाही. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाळा खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली, त्यावरून तो सुचलेला आहे. पण त्यात लोभी खासगी मालक आणि त्याला भिडणारा नायक अशी सोपी मांडणी आहे. प्रत्यक्षात चासनाळा त्या वेळी सरकारी व्यवस्थापनाखालच्या कंपनीची खाण होती. वेकोलि या इथल्या सरकारी कोळसा कंपनीच्या कामगारांसमोर हे सांगितलंच पाहिजे, नाही तर मालक सरकार असलं की धोका टळतो असा समज घेऊन लोक घरी जातील. नायकाने मुक्का मारून प्रश्न सोडवला असे बाकीचे चित्रपट मी टाळतो. कामगार वाट पाहत बसतो आणि नायक काही येत नाही.

खाणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी, संपात घरच्या बायकांचं काय काम असतं हे दाखवायचं असेल तर 'हार्लन काउंटी यूएसए' (१९७६) हा बार्बरा कोपल यांचा माहितीपट आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला कोळसा कामगारांचा संप. खाणीची वाट अडवायला उभं राहणाऱ्या संपकऱ्यांची संख्या न्यायालयाने मर्यादित केली, तेव्हा त्यांच्या बायका रस्त्यावर उतरल्या.

विणकरांच्या वस्तीत प्रियदर्शन यांचा 'कांचीवरम' (२००८) नक्की दाखवा. प्रकाश राज यांचा विणकर आयुष्यभर रेशीम विणतो आणि लेकीच्या लग्नात तिला एक रेशमी साडी देता यावी म्हणून मालकाचा धागा तोंडात लपवून थोडा थोडा घरी आणतो. तमिळ आहे, भाषेची अडचण येते, तिचा उपाय पुढे सांगतो. पण मागावर बसलेल्या माणसाला त्यातली अर्धी गोष्ट भाषेशिवाय कळते, तो पडद्यावरचे हात पाहत असतो. मोमिनपुरा, टिमकीकडच्या जुन्या विणकरांना बोलतं करायला हा चित्रपट फार उपयोगी आहे.

पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन फिरणाऱ्या पोरांसाठी दोन आहेत, नंदिता दास यांचा 'ज्विगाटो' आणि केन लोच यांचा 'सॉरी वी मिस्ड यू' (२०१९). पहिला भुवनेश्वरमधला, हिंदी, पावणेदोन तासांचा, कपिल शर्मा असल्यामुळे पोरं येतात. कारखान्यातली नोकरी गेलेला माणूस जेवण पोचवायला लागतो आणि रेटिंग, इन्सेंटिव्ह यांच्या फेऱ्यात अडकतो. दुसरा इंग्लंडमधला. व्हॅन घेण्यासाठी नवरा बायकोची गाडी विकतो. ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करते, आता तिला बसने हिंडावं लागतं. लघवीला थांबायला वेळ नाही म्हणून गाडीत बाटली. यंत्रणा दाखवण्यात मला दुसरा सरस वाटतो. तुम्ही नोकर नाही, स्वतःचे मालक आहात, असं पहिल्याच भेटीत गोड बोलून सांगितलं जातं आणि पुढे प्रत्येक दंड त्याच वाक्याच्या आधारे लावला जातो. आपल्या पोरांना कंपन्या 'पार्टनर' म्हणतात, त्यांना हे एका क्षणात समजतं.

महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' (२०१०) जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून आलेला. जानेवारी १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपानंतर घरं कशी उद्ध्वस्त झाली ते त्यात दिसतं. एम्प्रेसच्या जुन्या कामगारांना तो आपला वाटतो. पण पोरांची गुन्हेगारी त्यात इतकी पुढे येते की गिरणीची जमीन कोणाच्या घशात गेली हा मूळ प्रश्न मागे पडतो, आणि काही दृश्यं घरच्यांसोबत बसून पाहण्यासारखी नाहीत. वस्तीत मी तो लावत नाही. युनियनच्या कार्यकर्त्यांच्या लहान बैठकीत ठीक आहे. कामठीत 'बोले इंडिया जय भीम' (२०१६) अर्थातच, तो बाबू हरदासांवरच आहे, तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि 'मशीन्स' (२०१६). राहुल जैन यांचा गुजरातमधल्या कापड कारखान्यावरचा माहितीपट, सव्वा तासाच्या आतला. कारखान्याचा आवाज, रंगाची पिंपं, कापडाच्या ढिगावर झोपलेली माणसं, आणि मधूनच कोणी एक कामगार बोलतो. त्यातला एक जण म्हणतो, मी कर्ज काढून इतक्या दुरून स्वतःहून आलो, मला कोणी जबरदस्ती केली नाही, मग याला शोषण कसं म्हणायचं? हे दृश्य संपलं की खेळ थांबवा. हाच प्रश्न वस्तीला विचारा. ठिय्यावरच्या माणसांची यावर जी चर्चा होते ती कुठल्याही चर्चासत्रात ऐकायला मिळणार नाही, कारण तिथे बसलेला प्रत्येक जण स्वतःहूनच आलेला असतो.

हक्क, परवानगी, कागद

ओटीटीचं खातं घरी पाहण्यापुरतं असतं. त्यावरून वस्तीत खेळ लावता येत नाही. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क तो प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे 'दो बिघा जमीन'ची मुदत २०१३ अखेर संपली. मात्र अलीकडे दुरुस्त केलेली प्रत कोणाकडून घेत असाल तर तिच्या अटी वाचून घ्या. मुदतीतल्या चित्रपटासाठी निर्मात्याला किंवा वितरकाला लेखी विचारावं लागतं. माहितीपटांचे दिग्दर्शक बहुधा मनापासून हो म्हणतात, पण त्यांना वस्ती, जागा, अंदाजे किती लोक येतील आणि तिकीट नाही, हे सगळं पहिल्याच पत्रात कळवा. पत्र महिनाभर आधी जाऊ द्या. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे जुने माहितीपट आता एनएफडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहेत.

सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र असलेला चित्रपट लागतो. माहितीपटाला ते नसलं तर मैदानात लावू नका, आधी वकिलाचा सल्ला घ्या. लाउडस्पीकरसाठी ठाण्यात अर्ज द्यायचा, त्याच्या प्रतीवर शिक्का घ्यायचा आणि ती प्रत त्या रात्री खिशात ठेवायची. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, यात सूट मिळेल असं धरून चालू नका. समाजमंदिर किंवा विहार असेल तर त्याच्या समितीला चित्रपटाचा विषय स्पष्ट सांगा. दुसऱ्या दिवशी कुणाला ठेकेदाराचा फोन आला तर समितीने आपल्या बाजूने उभं राहायला हवं, आणि त्यासाठी तिला सगळं आधी ठाऊक असायला हवं.

वेळ आणि जागा

नागपुरात मे महिन्यात साडेसातच्या आधी पडद्यावर काही दिसत नाही आणि आठशिवाय लोक बाहेर पडत नाहीत. १० ला आवाज बंद करायचा, म्हणजे हाती दोन तास. त्यात 'दो बिघा जमीन' आणि बोलणं दोन्ही बसत नाही. उन्हाळ्यात उघड्यावर 'मॉडर्न टाइम्स' किंवा 'मशीन्स', लांब चित्रपट हिवाळ्यासाठी. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, साडेसहाला सुरू करून दहाच्या आत बोलणंही उरकतं. फक्त थंडीत सतरंजीखाली ताडपत्री अंथरा, जमीन गार पडते. पावसाळ्यात छताखालीच.

घरकामाला जाणाऱ्या बायांचं गणित वेगळं आहे. सकाळची कामं दुपारी दीडपर्यंत, संध्याकाळची चारनंतर. संध्याकाळी सातला ठेवलात तर त्या येणार नाहीत, ती स्वयंपाकाची वेळ. त्यांच्यासाठी दुपारी दोनला विहाराच्या खिडक्यांना जाड चादरी लावून खेळ करा. रूपाताई कुलकर्णी-बोधी यांच्या विदर्भ मोलकरीण संघटनेने नागपुरात या बायांना बोलायला शिकवलं आहे. त्या हॉलमध्ये माइक लागत नाही.

साहित्य

पूर्ण अंधारात दहा फूट रुंद पडद्यासाठी ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. मंडप-डेकोरेशनवाल्याकडे भाड्याने मिळतो, पण तो दिवसा लावून दाखवला तरच घ्या. पडद्याला जाड पांढरं कापड, वरून-खालून बांबू घालून ताणलेलं. खालचा बांबू विटांना बांधा, नागपूरची संध्याकाळची वावटळ कापड फुगवते आणि माणसांची तोंडं वाकडी दिसतात. चित्र थोडं फिकं असलं तर लोक चालवून घेतात, आवाज फाटला तर उठून जातात, म्हणून पैसे आवाजावर खर्च करा. दोन स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, भोंगा नको. फाइल लॅपटॉपमध्ये आणि पेनड्राइव्हवर, दोन ठिकाणी. इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. एचडीएमआयची एक केबल जास्तीची, एक्स्टेंशन बोर्ड दोन, आणि जवळ कोणाकडे इन्व्हर्टर असेल तर तो सांगून ठेवलेला.

आता भाषेचा उपाय. पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी वस्तीतल्या निम्म्या लोकांना इतक्या वेगाने वाचता येत नाहीत. परभाषेतल्या चित्रपटाला निवेदक ठेवा. त्याने चित्रपट आधी दोनदा पाहायचा, कागदावर वेळ आणि सांगायचं वाक्य लिहायचं, आणि संवाद चालू असताना मध्ये न बोलता त्याच्या आगेमागे सांगायचं. प्रत्येक वाक्याचं भाषांतर करायला गेला तर मागे पडतो. कोण काय मागतो आहे आणि कोण काय नाकारतो आहे, एवढंच सांगितलं तरी गोष्ट हातातून सुटत नाही. दंडारीसारख्या लोकनाट्यात काम केलेला किंवा कीर्तन-भारुडाची सवय असलेला माणूस वस्तीत असतोच, त्याला हे काम द्या. शिकलेल्या पाहुण्यापेक्षा तो शंभर पटीने चांगलं करतो.

चित्रपट संपल्यावर

दिवे लागले की बाहेरून आलेल्या कोणीही पहिली वीस मिनिटं बोलायचं नाही. युनियनचा माणूस असो, प्राध्यापक असो, आपण स्वतः असो. यावर ठाम राहा. पाहुण्याने माइक धरला की वस्ती ऐकायला लागते आणि खेळाचं भाषण होतं.

चित्रपट कसा वाटला असं विचारलं की चांगला होता असं उत्तर येतं आणि बोलणं संपतं. त्याऐवजी यंत्रणेवर बोट ठेवणारा प्रश्न विचारा. शंभूचा हिशेब कोणी लिहिला? आपली हजेरी कुठे लिहिली जाते, ती वही आपण कधी पाहिली का? चार्लीचा पट्टा कोण जोरात चालवत होता, आपल्या लाइनवर तो आकडा कोण ठरवतं? पहिला प्रश्न एखाद्या बाईला विचारा. पुरुषांनी एकदा सुरुवात केली की बाया गप्प बसतात, उलटं सहसा होत नाही. कोणी पिऊन आला असेल तर त्याला हाकलू नका, पण माइक देऊ नका.

फोटो नाही, व्हिडिओ नाही. ही अट सुरुवातीलाच सांगा आणि आपल्या लोकांनाही लागू करा. एखाद्या पोराने हौसेने स्टेटस ठेवलं आणि त्यात बोलणाऱ्या बाईचा चेहरा दिसला तर सोमवारी तिला गेटवर अडवलं जाऊ शकतं. कंपनीचं, ठेकेदाराचं नाव घेऊ नका असंही सांगा. गोष्ट सांगा, नाव राहू द्या. कोणाला नाव घेऊन तक्रार करायचीच असेल तर ती नंतर, बाजूला, वकिलासमोर.

बाजारगाव, धामणा या भागात जास्तीची काळजी घ्यावी लागते. २०२३ आणि २०२४ मध्ये तिथल्या स्फोटकांच्या कारखान्यांत स्फोट झाले, त्यात गावच्या तरण्या मुली गेल्या. अशा गावात अपघाताचा चित्रपट लावण्याआधी त्या घरांत जाऊन विचारा. नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा. हो म्हणाले तरी त्यांना शेवट आधी सांगून ठेवा, म्हणजे नको असेल तिथे उठून जाता येईल.

दुसऱ्या दिवसाची सोय

'मशीन्स'मध्ये शेवटाकडे कामगार कॅमेऱ्याभोवती जमतात आणि दिग्दर्शकालाच विचारतात की तुमच्यासारखे येतात, बघतात आणि जातात, आम्ही नेमकं काय करायचं ते सांगा. वस्तीत खेळ लावणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्याचं उत्तर हाती असल्याशिवाय खेळ लावू नका.

म्हणून त्याच रात्री दाराजवळ एक टेबल असावं. त्यावर बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीची माहिती, कारण मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो कोणाकडून घ्यायचा हेच बहुतेकांना माहीत नसतं. असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं ई-श्रम कार्ड काढून देणारा एक मुलगा, फोन आणि चार्जर घेऊन. भविष्य निर्वाह निधीचा (पीएफचा) यूएएन क्रमांक टाकून पासबुक कसं बघायचं ते दाखवणारा दुसरा. पगारातून पीएफ कापलेला आणि खात्यात भरलाच नाही, हे अनेकांना पहिल्यांदा या टेबलापाशी कळतं. ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा क्रमांक असूनही सोमवारीपेठेच्या दवाखान्यात कधीच न गेलेले निघतात, त्यांना कोणती कागदपत्रं न्यायची ते लिहून द्या. कायदा सांगायला एकच माणूस बोलवा आणि त्याला दहा मिनिटं द्या. जुनी पत्रकं वाटू नका. नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, जुन्या कलमांचे आकडे पाठ करून लोक कार्यालयात गेले तर तिथून परत पाठवले जातील.

सगळ्यात उपयोगाची वस्तू सगळ्यात स्वस्त आहे. शाळेची लहान वही. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले: तारीख, किती तास, किती मिळाले. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या घरातल्या शाळकरी मुलाला शिकवा, रोज रात्री बापाला विचारून भरायची. शंभूकडे जी पावती नव्हती, ती हीच. मजुरी बुडवल्याची तक्रार सिव्हिल लाइन्सच्या कामगार आयुक्त कार्यालयात घेऊन गेलात तर रोजच्या रोज भरलेली वही तोंडी सांगण्यापेक्षा जास्त ऐकली जाते.

खर्चासाठी खेळानंतर झोळी फिरवा, पाच-दहा रुपये जमतील तेवढे. ठेकेदाराचा चहा, नगरसेवकाचा बॅनर, कंपनीचा सीएसआर म्हणजे समाजकार्याचा निधी घेऊ नका. उरलेला खर्च तुमच्यातल्या नोकरदारांनी वाटून घ्या.

पुढचा चित्रपट वस्तीला ठरवू द्या. दोन-तीन गोष्टी थोडक्यात सांगून हात वर करायला सांगा, आणि तारीख तिथल्या तिथे फळ्यावर लिहा. महिन्याभराच्या आत, पगाराचा आणि बाजाराचा दिवस सोडून. त्या दिवशी येताना प्रत्येकाने वही सोबत आणायची, हे घरी जाताना दाराशी पुन्हा सांगा.